लेबर रूमची सुगी

प्रश्न थोडक्यात असा आहे : ‘आमच्या घरात चुलत-मावस भावंडं धरून आम्ही एकवीस जण. त्यातल्या अकरा जणांचे वाढदिवस ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीनच महिन्यांत येतात. हा योगायोग, की बाळं जन्माला येण्याचाही हंगाम असतो? आमच्या लग्नाला वर्ष झालं, आता मूल हवं आहे. नवरा कोल्हापूरला फाउंड्रीत भट्टीवर असतो. कुठला महिना धरून चालावं?’

हंगाम असतो. पण तुमच्या घरातले अकराच्या अकरा त्याच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. वर्षभरात बाळं अगदी सारखी वाटली गेली असती, तर एकवीसातली पाच या तीन महिन्यांत आली असती. हंगाम जमेस धरला तर सहा म्हणा, फार तर सात. वरची चार तुमच्या घराण्याची मर्जी. एकवीस जणांत असं होतं. दोनशे जणांची यादी काढलीत तर हा उंचवटा बराच खाली बसलेला दिसेल.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी एकतीस वर्षं बाळंतपणं करते आहे. आमच्याकडे हा हंगाम आलेखावर कुणी काढलेला नाही, तो सिस्टरांच्या रजेच्या अर्जांत दिसतो. गौरी-गणपतीला आणि नवरात्रात सगळ्यांनाच सुट्टी हवी असते आणि नेमकी तेव्हाच आमच्या लेबर रूमची सुगी असते. दर वर्षी त्यावरून रुसवेफुगवे होतात. उलट फेब्रुवारी-मार्चमध्ये खाटा रिकाम्या पडतात, म्हणून दवाखान्याची रंगसफेदी आणि पाइपांची कामं मी त्याच महिन्यांत काढते. देशभरातून सरकारकडे दरमहा जाणाऱ्या बाळंतपणांच्या आकड्यांतही हेच दिसतं : ऑगस्ट ते ऑक्टोबर उंचवटा, फेब्रुवारी ते एप्रिल खोलगट.

आता जन्माचा महिना हा मुळात नऊ महिने जुना असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काय घडतं हे शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही; पाहायचं ते आदल्या थंडीकडे. गर्भ राहिल्यापासून जन्मापर्यंत सरासरी २६६ दिवस जातात. आम्ही डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो, म्हणून २८० म्हणतो. आपल्याकडचं ‘नऊ महिने नऊ दिवस’ त्याच्या अगदी जवळ जातं, तीनच दिवसांचा काय तो फरक. हिशोब सोपा आहे : पाळीच्या तारखेत सात दिवस मिळवा आणि तीन महिने मागे या. संक्रांतीला, म्हणजे १४ जानेवारीला पाळी आली असेल, तर तारीख निघते २१ ऑक्टोबर.

संक्रांतीचं उदाहरण मुद्दाम घेतलं. माझ्या उमेदीच्या काळात ‘पाळी कधी आली होती?’ असं विचारलं की बायका तारीख सांगत नसत, ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी’, ‘दत्तजयंतीच्या आधी चार दिवस’, ‘ती मोठी संकष्टी होती ना, त्या दिवशी’ असं सांगत. भिंतीवरचं कॅलेंडर मागे उलटत मी तारीख काढायची. सोनोग्राफी गावात यायच्या आधी सगळा कारभार यावरच चाले. तेव्हाच एक गोष्ट लक्षात आली की दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतची नावं जरा जास्त ऐकू येतात आणि नागपंचमी-बेंदूर कमी. माझ्यापुरता हा हंगामाचा पहिला पुरावा.

पण असल्या पुराव्यावर भाळण्याआधी कागद तपासावा. फेब्रुवारीत दिवस अठ्ठावीस, मार्चमध्ये एकतीस. नुसती महिन्याची बेरीज घेतली तर फेब्रुवारी उगाच बिचारा दिसतो. दिवसांनी भागून रोजची सरासरी काढायची. दुसरं, पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली पद्धत. पुण्यात राहणाऱ्या मुलीचं बाळ परभणीच्या नोंदीत येतं, त्यामुळे एखाद्या शहराच्या जन्मनोंदीवरून त्या शहराच्या हवेविषयी निष्कर्ष काढणारा हमखास फसतो. आणि तिसरं म्हणजे आपला महाराष्ट्राचा लाडका १ जून. पन्नाशीच्या पुढच्या लोकांना वाढदिवस विचारून बघा, या तारखेचे किती निघतात! बाळाची नोंद झालेली नसे. शाळेत घालताना गुरुजी पोराकडे बघत, हात डोक्यावरून नेऊन पलीकडच्या कानाला लावायला सांगत, आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून वय बसेल असं साल पकडून १ जून लिहून टाकत. ती नोंद खरी मानली तर महाराष्ट्रात दर वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला एका रात्रीत काहीतरी प्रचंड घडत असलं पाहिजे. जन्मनोंदणीचा कायदा १९६९चा आहे, २१ दिवसांत नोंद करायची असते, आणि आता बहुतेक बाळं दवाखान्यातच जन्मतात म्हणून तारखा सुधारल्या. घरोघर जाऊन केलेल्या पाहण्यांमध्ये मात्र आईला मुलाचा महिना आठवून सांगावा लागतो आणि तिथे चुका अजूनही होतात. तुमच्या एकवीस जणांतही थोरल्यांच्या तारखा शाळेच्या दाखल्यावरच्या आहेत की खऱ्या, ते एकदा आजीला विचारा.

आकडे वाचताना माणसं कशी वाहवत जातात याचा नमुना २०२० मध्ये पाहिला. २५ मार्चला लॉकडाउन लागला आणि दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सॲपवर डिसेंबरातल्या ‘पिका’चे विनोद सुरू झाले. मे महिन्यात युनिसेफने अंदाज दिला की ११ मार्च ते १६ डिसेंबर या काळात जगात ११ कोटी ६० लाख आणि भारतात सुमारे २ कोटी बाळं जन्मतील. झालं, बातम्यांना मथळा मिळाला : लॉकडाउनमुळे दोन कोटी बाळं! अहो, त्या चाळीस आठवड्यांत जन्मणारी बाळं लॉकडाउनच्या आधीच पोटात होती. युनिसेफला एवढंच सांगायचं होतं की इतक्या बायकांचं बाळंतपण या गोंधळात होणार आहे, दवाखाने उघडे ठेवा. प्रत्यक्षात जिथे मूल कधी हवं हे जोडपी ठरवतात, तिथे जन्म घटले. अमेरिकेत डिसेंबर २०२० मधले जन्म आदल्या डिसेंबरपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी होते. धास्तावलेली माणसं मूल लांबणीवर टाकतात. हीच गोष्ट न्यूयॉर्कची : ९ नोव्हेंबर १९६५ च्या रात्री शहराची वीज गेली आणि नऊ महिन्यांनी प्रसूतिगृहं भरली, अशी कथा आजही सांगितली जाते. रिचर्ड उड्री या लोकसंख्येच्या अभ्यासकाने १९७० मध्ये जन्मांचे आकडे मांडून दाखवलं की तसं काही झालं नव्हतं. एका रात्रीच्या अंधाराने आलेख हलत नाही. तो हलतो तीन-चार महिने टिकणाऱ्या गोष्टींनी.

त्या कोणत्या, यावर माझं मत पंधरा-वीस वर्षांत बदललं. आधी मीही सगळ्यांसारखंच म्हणायची : लग्नसराई. चातुर्मासात लग्नं नाहीत, तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू, मग नव्या जोडप्यांची बाळं ओळीने येणार. ऐकायला बरं वाटतं, पण हिशोब बसत नाही. आमच्याकडे लग्नांचा खरा धडाका असतो एप्रिल-मेमध्ये. शाळेला सुट्टी, शेतात काम नाही, हातात थोडा पैसा. लग्नामुळेच हंगाम ठरत असता, तर फेब्रुवारी-मार्च हे पहिलटकरणींचे महिने झाले असते. तेच तर माझे रिकाम्या खाटांचे महिने आहेत! शिवाय दुसरेपणाच्या बाळंतिणींतही तोच हंगाम दिसतो आणि त्यांच्या लग्नाला तीन-चार वर्षं झालेली असतात. लग्नसराईचा हात असेल, पण धाकटा.

आषाढाची चाल थोडी जास्त बोलकी आहे. नवी सून पहिल्या आखाडात माहेरी जाते, पुढे नागपंचमी आणि मंगळागौरही बरेचदा तिकडेच. तमिळनाडूत आडी महिन्यात नवदांपत्याला वेगळं ठेवतात आणि त्यामागचं कारण जुनी माणसं उघड सांगतात : तेव्हा दिवस राहिले तर बाळंतपण चैत्र-वैशाखाच्या ऐन उन्हात येईल. रूढीमागे शास्त्र शोधायची हौस मला नाही. पण नऊ महिन्यांचा हिशोब करूनच केलेली ही रूढी आहे, एवढं तर दिसतंच. अर्थात एका वर्षाच्या नव्या सुना म्हणजे एकूण बाळंतिणींतला लहानसा भाग.

नवरा-बायको एका छपराखाली आहेत की नाहीत, हा त्यापेक्षा मोठा प्रश्न. इंटर्नशिपनंतर मी काही काळ कोकणात होते. तिथे चाकरमानी मुंबईहून यायचा गणपतीला आणि शिमग्याला, जमलं तर मे महिन्यात. तिथल्या माझ्या सीनियर बाई गरोदर बाईला पाळी विचारायच्या आधी ‘मालक कधी आले होते?’ असं विचारत आणि बहुधा तेवढ्यावर काम भागे. गणपतीतली बाळं मे-जूनला, शिमग्यातली डिसेंबरात. मराठवाड्यात आले तेव्हा हे गणित मोडलं, कारण इथे ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनेच जातात. त्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघते ती मार्च-एप्रिलला परत येते. थंडीत फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपटात, दिवस राहतात, बाळ गावात येतं ऑगस्ट-सप्टेंबर-ऑक्टोबरला आणि दीड महिन्याचं होतं न होतं तोच ट्रॅक्टरवर चढून फडावर जातं.

इथे थोडं थांबते, कारण हंगामाचा एवढा अभ्यास कशासाठी असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हेच बाळ आहे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी त्याला घ्यायच्या असतात. पहिली गावात मिळते, दुसरी चुकते, तिसरीच्या वेळी टोळी कुठल्या कारखान्याच्या हद्दीत आहे हे आशाताईंना ठाऊक नसतं. ओली बाळंतीण पहाटे चारला मोळ्या बांधायला उभी राहते. हे बाळ जानेवारीत जन्मायचं असतं तर त्याचे हाल वेगळे झाले असते, कमी नव्हेत. पण आमच्या भागात ही बाळं कधी येणार हे आधीच माहीत आहे, तर लसीकरणाचं कार्ड आणि टोळीची नोंद सप्टेंबरातच हातात हात घालून का फिरत नाही, हा माझा जुना वाद आहे. बैठकांत मी तो मांडते, चहा येतो, विषय पुढे जातो.

तर कारणांकडे. ‘थंडीत शेतकरी रिकामा असतो’ हे स्पष्टीकरण तुम्ही वाचाल. ते लिहिणाऱ्याने कापूस वेचलेला नाही. आमच्याकडे वेचणी दिवाळीपासून जानेवारीपर्यंत चालते आणि वेचणाऱ्या बायकाच असतात. मात्र घरात धान्य आलेलं असतं, हे खरं. पोटाला मिळतं तेव्हा बाईच्या शरीराला गर्भ धरणं सोपं जातं, ही गोष्ट कांगोच्या इतुरी जंगलातल्या लेसे लोकांत मानवशास्त्रज्ञांनी नीट पाहिली आहे : पीक संपत आलं, वजन उतरलं की बायकांचं बीज सुटण्यात खंड पडतो आणि गर्भ राहण्याचं प्रमाण खाली येतं. बांगलादेशात मतलब नावाच्या ग्रामीण भागात अनेक दशकं जन्मांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. तिथे जन्मांची शीग वर्षअखेरीस लागते, म्हणजे गर्भ राहतात भाताचं पीक घरात आल्यानंतर. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाने १९९३ पासून गरोदर मातांचा अभ्यास केला. आईचं जेवण आणि तिचे कष्ट दोन्ही शेतीच्या वेळापत्रकाप्रमाणे वरखाली होतात आणि बाळाच्या जन्माच्या वेळच्या आकारावर त्याचा ठसा उमटतो, हे त्यातून पुढे आलं.

पण आपल्या भागापुरतं मला विचाराल तर मी उन्हाकडे बोट दाखवीन. हे मी तीस वर्षांपूर्वी म्हटलं नसतं.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत, लोडशेडिंगमध्ये, सहा माणसांत झोपून बघा, म्हणजे अर्धं कारण आपोआप कळेल. इच्छाच होत नाही. उरलेलं अर्धं शरीराच्या आत आहे. पुरुषाची अंडकोशं शरीराबाहेर असतात, कारण शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-चार अंश थंडावा लागतो. अमेरिकेत टेक्सासमध्ये उघड्यावर काम करणाऱ्या पुरुषांचे नमुने उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात तपासले, तेव्हा उन्हाळ्यात शुक्राणूंची संख्या घटलेली निघाली. ते निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. आणि शुक्राणू तयार व्हायला सत्तर-पंचाहत्तर दिवस लागतात. म्हणजे मे महिन्यातल्या उन्हाचा फटका जुलैपर्यंत पुरतो. आमचा खोलगट भाग फेब्रुवारीत सुरू होऊन एप्रिलपर्यंत का रेंगाळतो, हे कोडं मला या एका आकड्याने सुटल्यासारखं वाटलं. मेमध्ये राहिलेला गर्भ फेब्रुवारीत जन्मतो, जुलैतला एप्रिलमध्ये. पाऊस पडून हवा गार झाली तरी शरीर अजून मे महिन्यात असतं.

अमेरिकेतल्या तीन अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या १९३१ पासूनच्या जन्मनोंदी तापमानाशी जुळवल्या. दिवसाचं सरासरी तापमान ८० फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या २७ अंशांच्या वर गेलेला एकेक जादा दिवस आठ-दहा महिन्यांनंतरचे जन्म थोडे कमी करतो. त्यातले काही जन्म पुढच्या महिन्यांत भरून निघतात, सगळे नाही. घराघरांत एअर कंडिशनर आल्यावर हा परिणाम सौम्य झाला. आता २७ सरासरी म्हणजे आमच्या परभणी-नांदेडला उन्हाळा नव्हेच! त्यांची मोजपट्टी जशीच्या तशी इथे लावता येणार नाही, पण दिशा तीच आहे.

इच्छा आणि क्षमता वेगळ्या कशा काढायच्या, ही खरी अडचण. जन्म कमी झाले ते जोडपी लांब राहिली म्हणून, की जवळ येऊनही राहिलं नाही म्हणून? यावर २०२० मध्ये छान काम झालं. अमेरिका, कॅनडा आणि डेन्मार्कमधल्या चौदा हजारांहून जास्त बायका, ज्यांनी मूल हवं म्हणून नुकते प्रयत्न सुरू केले होते, त्यांचा महिन्यागणिक पाठपुरावा केला गेला. किती वेळा संबंध आला हेही विचारलं. तो भाग वजा केल्यावरही नोव्हेंबरअखेर-डिसेंबरच्या सुमाराला गर्भ राहण्याची शक्यता जास्त निघाली आणि हा चढउतार अमेरिकेच्या उष्ण दक्षिण भागात उत्तरेपेक्षा ठळक होता. म्हणजे वागण्यापलीकडेही काहीतरी आहे. ऑस्ट्रेलियात पर्थच्या एका टेस्ट ट्यूब बेबी केंद्रातला निष्कर्ष मात्र उलटा वाटतो : उन्हाळ्यात काढलेल्या स्त्रीबीजांपासून यश जास्त मिळालं, गर्भ गोठवून पुढे कधीही गर्भाशयात सोडला तरी. तिथले अभ्यासक सूर्यप्रकाशाचे तास मोजत होते. भरपूर ऊन आणि घरात गारवा असा तो उन्हाळा आहे. आपला तसा नाही. ऊन आणि उष्मा यांना आपण एकच शब्द वापरतो, त्यातून बरेच गोंधळ होतात.

युरोपचा आलेख आपल्यापेक्षा वेगळा राहिला आहे. तिथे जुन्या काळी बाळं वसंतात, फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत जास्त येत. गर्भ उन्हाळ्याच्या लांब दिवसांत राहत. फ्रान्सच्या विलेर्मे यांनी १८३१ मध्येच महिन्यावार गर्भधारणा आणि जन्म मांडून हवामान, अन्न, दलदलीचा ताप आणि ईस्टरआधीचा उपवासाचा काळ यांची सांगड घालायचा प्रयत्न केला होता. कॅथलिक मुलखात त्या चाळीस दिवसांत संबंध टाळत, म्हणून डिसेंबरात पाळणे कमी हलत. आमच्या श्रावणाला भाऊ मिळाला म्हणायचा! आता इंग्लंडमध्ये ख्रिसमसची सुट्टी बोलते : १९९५ ते २०१४ च्या नोंदींत सर्वांत जास्त वाढदिवस २६ सप्टेंबरला निघाले. ख्रिसमसपासून मोजा, साडेएकोणचाळीस आठवडे भरत आले. विषुववृत्ताकडे सरकत जावं तशी जन्मांची शीग वसंताकडून वर्षाच्या उत्तरार्धाकडे सरकते, असं जगभरच्या नोंदी एकत्र मांडल्यावर दिसतं.

दिवसाच्या लांबीवर माणसाचं शरीर चालतं का? म्हशीचं चालतं. दिवस लहान होऊ लागले की ती माजावर येते आणि पुढच्या पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत विते. एका शेतकऱ्याने मला ओपीडीत ऐकवलं होतं, ‘मॅडम, आमच्या गोठ्यात आन् तुमच्या दवाखान्यात एकाच टायमाला गर्दी.’ त्याची बायको हसली, मीही हसले. पण म्हैस मुख्यतः ठरावीक काळात माजावर येते. बाईला बाराही महिने बीज सुटतं. माणसाचा हंगाम म्हणजे सपाट माळावरचा उंचवटा, डोंगर नव्हे. शहरात, ठरवून एक-दोन मुलं होऊ देणाऱ्या घरांत तो आणखी बसका होत चालला आहे.

उलट दिवसांचा हंगाम वाढतो आहे आणि तो आम्ही डॉक्टरांनी तयार केला आहे. रविवारी जन्म कमी, कारण ठरवलेलं सीझर कुणी रविवारी करत नाही. देशात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत दर शंभर बाळंतपणांत एकवीस-बावीस सीझर होती, खासगी दवाखान्यांत सत्तेचाळीस. इतक्या तारखा माणसाच्या हातात आल्यावर पंचांग आत येणारच. पितृपक्ष नेमका आमच्या गर्दीत येतो. त्या पंधरवड्यात ‘चार दिवस थांबता येईल का?’ आणि घटस्थापना झाली की ‘आजच करा’. अमावस्या नको, मूळ नक्षत्र नको. २२ जानेवारी २०२४ ला अयोध्येत प्राणप्रतिष्ठा होती. त्या दिवसासाठी ठिकठिकाणी डॉक्टरांकडे विनवण्या झाल्या. माझा नियम एकच : ३९ आठवडे भरलेले असतील आणि सीझर तसंही करायचंच असेल, तर त्या आठवड्यातला दिवस तुमचा. सदतिसाव्यात ओढून काढायला मी मुहूर्त मानत नाही. बाळाला धाप लागून काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर तिथे गुरुजी येत नाहीत.

महिना बाळाला बाधतो का, हेही तुमच्या प्रश्नात लपलेलं आहे. भारतातल्या पाहण्यांवरून २०१२ मध्ये दोन अभ्यासकांनी दाखवलं की पावसाळ्यात जन्मलेल्या मुलांची वाढीची मापं शरद-हिवाळ्यात जन्मलेल्यांपेक्षा सरासरीने कमी भरतात. जुलाब, डास, आईचे खुरपणीचे दिवस, गढूळ पाणी. मुंबईतल्या एका अभ्यासात पावसाळ्यात गरोदरपणातले झटके जास्त आढळले होते. म्हणून जुलै ते ऑक्टोबर मी रक्तदाब पाहायला बायकांना जास्त वेळा बोलावते आणि रक्ताची सोय आधी करून ठेवते, कारण डेंग्यूमुळे रक्तपेढीवर त्याच काळात ताण असतो. पण स्वच्छ पाणी, मच्छरदाणी आणि पोटभर जेवण असलेल्या घरात महिन्याने फारसं बिघडत नाही.

आता तुमचं. महिना धरून थांबू नका. थंडीत शक्यता थोडी जास्त, उन्हाळ्यात थोडी कमी, पण निरोगी जोडप्याला दर महिन्याला मिळणारी संधी हंगामाच्या फरकापेक्षा पुष्कळ मोठी आहे. चार महिने दवडून जेवढं कमवाल त्याहून जास्त वेळ हातचा जाईल. तुमच्या बाबतीत मला कॅलेंडरपेक्षा भट्टीची काळजी वाटते. तुमच्या यजमानांना बारा महिने मे महिना आहे. कामाची पाळी बदलून मिळत असेल तर भट्टीपासून लांबचं काम काही महिने मागून बघा, मधल्या सुट्टीत गार जागेत बसा म्हणावं, कामाचे जाड कपडे घरी येईपर्यंत अंगावर नकोत, पाणी भरपूर. आज बदल केला तर फरक दिसायला अडीच-तीन महिने लागतील, पंधरा दिवसांत तपासणी करून नाराज होऊ नका. तुमचं वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून मग डॉक्टरकडे जा, पुढे असेल तर सहा महिन्यांनी. भट्टीच्या कामामुळे त्यांची वीर्यतपासणी मात्र मी आधीच करून घेईन. स्वस्त आहे, आणि बहुतेक घरांत आधी बाईलाच तपासण्यांच्या फेऱ्यात घालतात.

तुम्ही फॉलिक ॲसिडची गोळी आजपासून सुरू करा, दिवस राहायची वाट बघू नका. आणि पाळी आली की लिहून ठेवा. तारीख लिहा हं, तिथी नको.